चोपन्नावा मणी

पहिल्या पापनिवेदनाच्या आदल्या रात्री
माझ्याकडे पापच नव्हतं.
सात वर्षांची होते. वहीत रेघा मारत बसले,
शेवटी एक बनवलं:
गड्डीगोदामच्या डब्बू टेलरच्या दुकानातून
मी सहा गुंड्या चोरल्या.

जाळीपलीकडून फादर हळू म्हणाले, परत देऊन ये.
कुठून देणार?
मग पप्पांच्या शर्टाच्या तोडल्या,
पुडीत बांधून टेलरच्या पायरीवर ठेवून पळाले.
म्हणजे खोटं आधी, चोरी नंतर,
आणि माफी दोन्हींच्या मधे कुठेतरी.
हा हिशेब मी अजून कुणाला दाखवलेला नाही.

तरी सदरच्या चर्चमधला गारवा खरा होता.
राखेच्या बुधवारी कपाळावर अंगठा टेकायचा
आणि शाळेत सातपुतेबाई म्हणायच्या,
"काय गं, काही लागलंय, पुसून टाक."
मी पुसायची नाही.
तू माती आहेस, असं सांगणारी ती राख,
आणि मला तिचाच गर्व.

प्रश्न धर्मशिक्षणाच्या वर्गात आले नाहीत.

बहीण झाली मेयोत, एकोणऐंशीच्या मे महिन्यात.
दोन रात्री जगली.
पप्पा मोतीबागच्या वर्कशॉपातून सुटून
फादरला सायकलवर डबलसीट घेऊन पोचले
तोवर तोंडावर कपडा ओढलेला.
बाप्तिस्मा नाही,
म्हणून जरीपटक्याच्या कबरस्तानात आतल्या ओळीत नाही,
भिंतीला लागून, जिथे माळी सुकी पानं लोटायचा.
आणि वर, तिकडे,
स्वर्गात नाही, नरकातही नाही.
लिंबो.
मला ते लिंबू ऐकू यायचं.
वाटायचं, बाळ एका आंबट झाडाखाली एकटं बसलंय.

अठ्ठावीस वर्षं आई मनानं त्या झाडापर्यंत जाऊन यायची.
मग सेमिनरी हिल्सवरून आलेला एक कोवळा फादर
चहात बिस्किट बुडवता बुडवता म्हणाला,
"आंटी, ते आता आपण शिकवत नाही."
बिस्किट तुटून कपात पडलं.
आई चमच्यानं ते काढत राहिली.

शिकवत नाही म्हणजे?
जागा बंद झाली, की कधी नव्हतीच?
नव्हती, तर आई इतकी वर्षं कुठे जात होती?
आणि होती, तर लेकरांना तिथून बाहेर काढताना
बिननावाच्यांना कुणी कशी हाक मारली?
दोन पानं लिहून मी बिशप हाउसला टाकली.
उत्तर आलं. फार सभ्य.
सोबत नव्या वर्षाचं कॅलेंडर.

तेव्हापासून ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत मी नसते.
बाकावर पाय आखडून बाकीच्यांना वाट देते.
गुडघा मात्र दारातच वाकतो,
मी नाही म्हणेपर्यंत वाकून झालेला असतो.

आता आईला दम लागतो.
रोझरी मी म्हणते, ती नुसते ओठ हलवते.
परवा मधेच थांबवलं मला.
"नळाचं पानी टाकलं होतं व मी तिच्या डोक्शावर.
पन नाव नाही सुचलं. नर्स पाहत होती."
चव्वेचाळीस वर्षांनी.
मी म्हटलं, "चालतं आई, नाव लागत नाही."
मी, जिचा त्या पाण्यावर विश्वास उरला नाही,
जाळीपलीकडून बोलावं तसं हळू म्हणाले.

त्रेपन्न मणी संपतात.
क्रूस तिच्या ओठांना लावून माळ मी डबीत ठेवते.
तिची बोटं थांबत नाहीत.
अंगठा आणि तर्जनीच्या मधे
आणखी एक फिरवतात, कुठल्याच माळेत नसलेला,
आणि ती काहीतरी पुटपुटते.
प्रार्थना असेल.
नाव असेल.

मे महिना, पारा शेहेचाळीसवर.
मी उठून कूलर बंद करते.