पोटमाळा

घोडपदेवच्या गाळ्यात पार्वती घाग
अजून झाडते पोटमाळा.
वर अकरा पत्र्याच्या ट्रंका,
पांढऱ्या रंगात नाव, तालुका:
धाकू मिसाळ, पाटण.
विठू नलवडे, आजरा.

सगळे तिच्या खाणावळीचे मेंबर.
रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीचा उठायचा,
वळकटी कधी गार पडली नाही.

संपात म्हणाले, मावशी, पंधरवड्यात येतो,
तेवढं आमटीचं लिहून ठेव.
तिनं लिहिलं.
वही उंदरांनी खाल्ली,
आकडे तिला पाठ.

काल टॉवरचा सर्व्हेवाला पोरगा आला.
खोलीत किती जण?
तिनं वर बघत पेरं मोजली.
बारा, म्हणाली.
अकरा पाळीवर गेलेत.

पेन दातांत धरून पोरगं उभंच.
धाकूची तेवढी खाली घे,
बस तिच्यावर.
चहा ठेवते.