खाना क्रमांक सात

टेबलावर घोंगडी अंथरून तिला आडवी केली.
रॉकेलच्या चिंधीनं पुसत गेलो तशा खुणा वर आल्या :
मनगटाच्या पोलादी पट्टीवर मुकुट,
खाली राजाची तीन अक्षरं,
मग ईशापूर, मग त्रेचाळीस.
नळीच्या बुडाशी एकमेकांना छेदणारे दोन झेंडे,
बाजरीच्या दाण्याएवढे. भिंगाशिवाय दिसत नाहीत,
आणि माझं भिंग नातवाच्या दप्तरातलं,
कडेला टवका उडालेलं.

बाहेर देवळालीच्या रेंजवर तोफांचा सराव चालू.
दर धमाक्याला खिडकीची काच किंचित बोलते.
ही गप्प.
हिच्या नळीला आरपार भोक पाडलंय कधीच,
लाकडावर डीपी ठोकलंय.
कॉलेजच्या पोरांनी हिला खांद्यावर घेऊन
गोल्फ क्लबच्या मैदानावर किती सव्वीस जानेवाऱ्या काढल्या,
एकाही गोळीशिवाय.

संग्रहालयाच्या फॉर्मवर सातवा खाना :
मूळ आहे का? होय / नाही.

आधी क्रमांक जुळवले.
चौकटीवर ४७१८.
मागच्या माशीच्या पानावर ४७१८. नाकाडावरही तोच.
बोल्टच्या मुठीपाशी ४७१८,
पण त्याच्या जरा वर, आडव्या रेघेखाली दबलेला
८०२६.
जाणकार गिऱ्हाईक इथंच नाक मुरडतं.

ही रेघ मी ओळखतो.
शरणपूरचे सायलस उजागरे, आर्मरर.
रेघ ओढताना त्यांचा हात शेवटी जरा वर चढायचा.
पोलादावर सही करायची सोय नव्हती,
ती त्यांनी अशी करून घेतली असेल.
किंवा नसेल. म्हातारपणी हात कापतातच.

एकदा डबा खाताना म्हणाले होते,
‘माझा आजा दुष्काळात निफाडकडून चालत आला
तेव्हा रखमाजी होता.
मिशनच्या वहीत त्यावर रेघ ओढून रूबेन लिहिलं.
मग काय, चालला की साठ वर्षं.
अडकला नाही कुठं.’
आणि बोल्ट दोनदा मागंपुढं केला,
खट्, खट्,
भाकरीवर तेलाची बोटं उमटली.

दस्त्याची पितळी टोपी उघडली.
आत एका कोपऱ्यात बाभळीचं ठिगळ,
पाचरीसारखं ठोकलेलं. सांधा नखाला लागत नाही.
त्याच्यावर मात्र कुणाचाच शिक्का नाही,
ना मुकुटाचा, ना सिंहांचा.

चार वाजता सोनांबेकर बाई फॉर्म न्यायला आल्या.
‘सातवा राहिलाय, काका.’
मी ‘होय’वर खूण केली.
मग जागा नव्हती तरी खाली, मुंगीएवढ्या अक्षरात :
बोल्ट दुसऱ्या रायफलीचा. ठिगळ बाभळीचं.
काम : सा. उजागरे.

बाईंनी चष्मा कपाळावर ढकलला.
‘एवढं चालत नाही हो. खोडावं लागेल.’

खोडा, म्हटलं.
फक्त एकच रेघ ओढा,
खालचं वाचता येईल अशी.