दोन माणसांचा तंबू

पिशवीवर छापलंय: दोन माणसांसाठी.
कोणती दोन, ते छापलेलं नाही.
इशबेल डावीकडे झोपते, मी उजवीकडे,
मध्ये एक ओला मोजा, एक टॉर्च,
आणि आईचं घर,
जे तिने मे महिन्यात विकलं
मला साधा फोनही न करता.

पहिल्या दिवशी कामापुरतं बोललो.
खुंटी दे. गॅस. चिलटं.
हायलँडच्या चिलटांबद्दल
बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही.
वारा पडला की हवाच चावायला लागते,
कानात, पापणीत, लापशीत.
डोक्याला जाळी बांधून जेवायला बसलो
आणि मी भरला चमचा जाळीवरच आपटला, दोनदा.
ती हसली नाही. मीही नाही.
हसू आलं होतं, एवढं मात्र
दोघींनाही कळलं.

दुसऱ्या दिवशी चढ.
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, ठीक आहे,
पण विंचवाला एकसष्ट वर्षांचे गुडघे नसतात.
खिंडीखालच्या काळ्या दलदलीत
माझा पाय मांडीपर्यंत गेला,
बाहेर आला तो बुटाशिवाय.
इशबेल पोटावर आडवी झाली,
खांद्यापर्यंत हात आत घातला, चाचपलं,
बूट काढला, उलटा करून पाणी ओतलं,
आणि माझ्यापुढे ठेवला
नाडी सैल करून,
मी पहिलीत असताना ठेवायची तसा.

नकाशावर या खिंडीचं नाव
कुणा इंग्रज मोजणीदाराने
कानाला आलं तसं लिहून टाकलंय.
आई म्हणायची ते नाव निराळं:
पिवळी गाय रुतली ती जागा.
नाव कसलं, ताकीदच ती.
बूट घालता घालता मी ते गेलिकमध्ये म्हटलं,
स्वतःशीच, पण ऐकू जाईल इतकं.
"रुतली नाही, हरवली," इशबेल वळून न बघता म्हणाली,
"रुतली ती पलीकडच्या खिंडीत."
दोन दिवसांतलं तिचं सर्वात लांब वाक्य.
आणि आता कुणी उरलं नाही
कोणत्या गाईचं काय झालं ते विचारायला.

तिसऱ्या रात्री वाऱ्याने
तंबू दाबत दाबत आमच्या तोंडावर आणला.
एक काठी कडकन मोडली.
मग उठून बसलो, पाठीला पाठ लावून,
आम्हीच काठ्या, पहाटेपर्यंत.
तिचा कणा माझ्यापेक्षा टोकदार आहे,
हे मला माहीत नव्हतं.
मध्येच कधीतरी ती काही म्हणाली.
वाऱ्यात शब्द ऐकू आले नाहीत,
नुसती पाठ थरथरली, बोलताना थरथरते तशी.
मी "हो" म्हटलं.
चौथ्या दिवशी उतारभर
कशाला हो म्हटलं, त्याचाच विचार करत होते.

खाली नदी फुगलेली. पूल गेलेला.
पलीकडे कुत्र्याला घेऊन टॉर्मॉड उभा,
मेंढ्या मोजायला आलेला,
हातवारे करून उथळ जागा दाखवत.
इशबेलने माझ्या पिशवीचा पट्टा धरला,
मी तिचा.
पाणी मांड्यांना लागलं तेव्हा दोघींनी एकदमच
आईला न चालणारी शिवी दिली.

"चियॉर्स्टीच्या मुली ना तुम्ही?" टॉर्मॉड म्हणाला.
"घर गेलं म्हणे तुमचं. कुणी विकलं?"
इशबेल खाली वाकून बुटातलं पाणी काढू लागली.
फार वेळ काढत राहिली.
कुत्रा माझा हात हुंगत होता.
"आम्ही," मी म्हटलं.
हा शब्द इतका ओला, इतका जड असेल
असं वाटलं नव्हतं.

बसथांब्यावर तंबू कठड्यावर वाळत टाकला,
खुंट्या मोजल्या. अकरा.
ती म्हणाली, अकराच होत्या.
मी म्हटलं, बारा. एक वर राहिली तुझ्या बाजूची.
माझ्या बाजूची? तुझीच काल सैल होती.
बस येईपर्यंत चाळीस मिनिटं
आम्ही त्या एका खुंटीवरून
तावातावाने भांडलो.