डावा पाय

आधी अंडी मोजायची, मग भांडायचं.
खालच्या बाजारातून सहा ट्रे, एकशे ऐंशी,
चढताना नदी डाव्या हाताला,
वर गावात पाहुणे नाश्त्याची वाट बघत बसलेले.
बाबांच्या निवातून आली की अकरा फुटलेली,
पावसाळी दिवशी चौदा.
"रस्त्याचा वाटा," बेसारिओन म्हणायचे,
"तोही जेवतो."

निवाला तीन दांडे. एक गिअरचा, एक लो-रेंजचा,
तिसरा मी लहान असताना मला वाटे देवाचा,
कारण तो ओढताना ते काहीतरी पुटपुटायचे.
चढावर गाडी बंद पडली तर घाबरायचं नाही:
ब्रेक घट्ट, रिव्हर्स टाक,
क्लचवरून पाय पूर्ण काढ,
मग चावी.
ती मागे मागे जाते, शहाण्या बैलासारखी,
पाऊल चाचपत.
हे मला त्यांनी लिहायला शिकवायच्या आधी शिकवलं.

मग गुडघा गेला. डावाच.
झुगदीदीच्या डॉक्टरनं फोटो उजेडात धरला
आणि विचारलं, आजोबा, चालवता काय?

रुस्तावीच्या बाजारातून मी आणली ही छोटी जपानी,
स्टिअरिंग उजवीकडे, गिअर आपोआप.
बाबांनी वाकून पायाखाली पाहिलं,
दोनच पेडल.
तिसरं सीटखाली घरंगळलं असेल असं समजून
हात घालून शोधलं थोडा वेळ.
"एतेरी, हिला ड्रायव्हर नको," म्हणाले,
"हिला पाहुणा पुरे."

पहिल्या खेपेला एकही फुटलं नाही.
आईनं दोनदा मोजली.
चिखलात ती गाडी अडत नाही, हिसका देत नाही,
तेल सांडल्यासारखी पुढे सरकते,
माझा हात मांडीवर, काम नसलेला.
बाबा लाकडं फोडायला गेले.
फोडलेली लाकडं भिंतीएवढी रचलेली होती,
तरी गेले.

उतार मात्र त्यांचा निघाला.
दरी सरळ माझ्या खिडकीखाली,
मी दांडा 'डी'वर सोडून दिलेला,
आणि गाडी, कुणी न सांगता, वरचा गिअर घेऊन
मोकळी पळत सुटली.
झऱ्यापाशी थांबवली तेव्हा चाकांतून धूर,
जळक्या केसांसारखा वास.
बाबा उतरले नाहीत. बोलले नाहीत.
"मी सांगितलं होतं" हेसुद्धा नाही.
त्या दिवशी मला ते फार म्हातारे वाटले.

डावीकडच्या सीटपुढची चटई फाटली हे
मला शरद ऋतूत दिसलं.
तिथे काही नाही. पेडल नाही, तार नाही,
नुसता पत्रा आणि वर रबर,
आणि रबराला टाचेएवढं भोक.
नवी आणली. बर्फ पडायच्या आत तीही झिजली.

मग मी पाहू लागले.
वळण यायच्या आधी, पुरतं दोन गाडीएवढं आधी,
त्यांचा पाय खाली जातो.
दुखतो, तरी जातो.
हात मांडीवरच्या मांडीवर बोट हलवतो,
चौथ्यातून दुसरा, दुसऱ्यातून पहिला.
आणि ही गाडी वळणात शिरल्यावर,
अर्धं वळण संपल्यावर,
दचकून गिअर बदलते.
तिला चाकाखालचं कळतं. पुढचं कळत नाही.
पुढचं अजून आलेलंच नसतं ना तिच्यासाठी.

आता मी रस्ता बघते आणि तो पाय बघते.
पाय दबला की मी दांडा ओढते, 'दोन', 'एल'.
ते मला सांगत नाहीत, मी त्यांना विचारत नाही.
शेजारचा तारिएल परवा कुंपणावरून म्हणाला,
शेवटी कुठली बरी गं, तुझी की त्यांची?
मी म्हटलं, आमच्याकडे एकच गाडी आहे.
निवा मागे उभी होती, कोंबड्या आत बसलेल्या.

काल वरच्या तिसऱ्या वळणाला
बाबा झोपले होते, तोंड उघडं,
पाय पत्र्यावर नुसता ठेवलेला.
एक फुटलं.
आईनं ट्रे पुढे केला.
त्यांनी बघितलं, मान हलवली,
आणि सकाळपासून पहिल्यांदाच हसून म्हणाले,
"उपाशी होता बिचारा."