तिसरी तार

तेनो नदीच्या काठी, पत्र्याच्या खोपीत
उणे तेवीस.
लॅपटॉप जाकिटाच्या आत धरून आणलाय,
चोरलेल्या माशासारखा.

मोडेमचा हिरवा दिवा जळतोय.
म्हणजे जीव आहे, वाचा गेलीय.
नऊ दिवस बर्फाची जाडी खाली कचेरीत पोचलेली नाही,
आणि हेआन्दरातला रेनडिअर पलीकडे न्यायचेत.
"बोलला का?"
"थांब."

कन्सोलची केबल. नऊ हजार सहाशे.
एंटर.
एंटर.
एक लाख पंधरा हजार दोनशे,
काही नाही.
परत नऊ हजार सहाशे, आणि आता कचरा:
तुटके चौकोन, प्रश्नचिन्हं,
डोक्यावर दोन ठिपके घेतलेला एक वाय.
हेआन्दरात वाकून बघतो,
"ही तुमची फिनिश का?"

देणारी तार घेणारीला, घेणारी देणारीला,
अदलाबदल केली. परत केली.
दोघंही बोलतात नि ऐकत कुणीच नाही,
असं शिकवताना मास्तर दर वर्षी बायकोचा विनोद करायचे.
इथे तेही नव्हतं.

मग हातमोजा काढला
आणि बोट चुकून पेटीला टेकलं.
पडद्यावर एक अख्खा शब्द.
बोट उचललं, कचरा.
टेकलं, शब्द.

तिसरी तार. जमिनीची.
तिच्यातून निरोप जात नाही, येत नाही,
म्हणून तिच्याकडे मीही बघितलं नव्हतं.
डाख सुटलेला.
हेआन्दरातनं खिशातून पितळी तार काढली,
पांढऱ्या तितरांच्या फासाची,
अजून एक पीस चिकटलेलं.
पीळ दिला. बसली.

मोडेम जागा झाला, तारीख म्हणाला:
एक जानेवारी एकोणीसशे सत्तर.
"तेव्हा मी सहा वर्षांचा,"
हेआन्दरात म्हणाला, "आणि ही खोप नव्हती."

मग पासवर्ड.
कागदावरचा चालेना.
तौनोनं बदलला असणार,
आणि तौनो मे महिन्यात गेला.

"रिएपू घाल. त्याची कुत्री.
स्वतःच्या आधी तिला वाढायचा."
रिएपू. चूक.
आणखी एक चूक, की अर्धा तास दार बंद.
"किती वर्षं जगली?"
"चौदा."
रिएपू, एक, चार.

एकेचाळीस सेंटिमीटर, मोडेम म्हणाला,
आणि नऊ दिवसांचे आकडे एकामागून एक
खाली जायला लागले.
नियमानं पासवर्ड बदलायचा असतो.
मी फक्त तारीख दुरुस्त केली.

"एकेचाळीस," मी ओरडून सांगितलं.
हेआन्दरातनं मान डोलावली,
कुऱ्हाड उचलली,
आणि स्वतः बघायला नदीवर गेला.