अकरा सेकंद

ग्युम्रीत, आमच्या अंगणातल्या पॉपलरखाली
पट मांडून फासे पडले
की देशाचा कारभार सुरू होतो.

सेरोब म्हणतो, हे नवे वीजमीटर चहाडखोर आहेत.
रात्री दोनला मी उठून दिवा लावतो
हे बायकोच्या आधी कंपनीला कळतं.
ह्मायाक म्हणतो, कळू दे की.
निदान कुणाला तरी पडलेली आहे
तू रात्री दोनला का उठतोस याची.

दान : पाच-तीन. सेरोबची एक सोंगटी मरते.

मी परांझेम. कोपऱ्यावरची कॉफीची टपरी माझी.
मतं मलाही आहेत, पण गिऱ्हाइकांसमोर
ती मी साखरेच्या डब्यात झाकून ठेवते.
आता हेच बघा,
प्लास्टिकच्या पिशव्या बंद झाल्या, बरं झालं.
पण त्यांच्या जागी आलेल्या कागदी पिशव्या
टोमॅटोच्या नुसत्या घामानं फाटतात,
आणि त्या पुरवतो
नगरपालिकेतल्या कुणाचा तरी साडू.
हे मी बोलले नाही. तुम्ही ऐकलं नाही.

चंद्रावर कुणाचंसं यान उतरताना आडवं झालं
त्या दिवशी अर्धा डाव थांबला.
फुकट गेले एवढे पैसे, ह्मायाक हळहळला.
सेरोब म्हणाला, फुकट कसे?
पोचलं ना? मग पोचलं.
पुतणीच्या लग्नातून मीही असाच घरी पोचलो.

पेन्शन आता कार्डावर येते.
आधी अर्शावीर पोस्टमन आणायचा,
नोटा दोनदा मोजायचा, एक कॉफी उधार प्यायचा,
कुणाची सून माहेरी गेली ते सांगायचा.
आता बातमी फोनवर येते.
अर्शावीर गेल्याचीही
तशीच आली, किराणा दुकानाच्या सवलतीखाली.

आणि मागच्या मंगळवारी सरकारनं हे काढलं :
डोंगरात कुठंकुठं पुरलेली यंत्रं
जमीन हलायच्या आधी फोनला कळवणार.
अकरा सेकंद आधी.
सेरोबच्या नातवानं, होव्हिकनं,
सगळ्यांच्या फोनमध्ये ते भरून दिलं
आणि बक्षीस म्हणून माझ्याकडून दोन बिस्किटं घेतली.

अकरा सेकंदांत मला बूटही सापडायचे नाहीत, सेरोब.
अकरा सेकंदांत आपलं सरकार
शाईच्या बाटलीचं टोपणही उघडत नाही, ह्मायाक.
हसलो आम्ही. या गावात
हसायला कुणाची परवानगी लागत नाही.

वाझगेन हसला नाही.
चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस,
त्याला मत विचारलं तर तो भिंग पुसत बसतो.
त्यानं खिशातून घड्याळ काढलं,
काट्यावर बोट धरलं आणि मोजू लागला.
एक.
दोन.
फासे ह्मायाकच्या मुठीत तसेच राहिले.
अकरा सेकंद फार असतात.
पॉपलरचं एक पान सावकाश खाली येऊन
पटावर बसतं, तरी ते उरतात.

मोजून झाल्यावर तो म्हणाला,
पुरले असते.
मग, बऱ्याच वेळानं,
तिसरीच्या वर्गाचं दार आत उघडायचं.
सगळी पोरं एकदम दाराला लागली
की ते उघडतच नाही.
यंत्र चांगलं आहे, तो म्हणाला.
दारं बघा म्हणावं.

त्या डिसेंबरबद्दल, त्या अकरा एकेचाळीसबद्दल
इतकी वर्षं शेजारी राहून
त्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य.
कुणी काही बोललं नाही.
मी कॉफी ओतली, पैसे लिहिले नाहीत.

रात्री टपरीचं दार उतरवलं.
बिजागऱ्या गंजलेल्या, एक स्क्रू तुटला,
शेवटी केरोसीन घालून सुटल्या.
उलटं बसवलं. आता ते बाहेर उघडतं,
वाऱ्यावर आपटतं, रस्ता अडवतं.
याला मत म्हणतात की नाही, मला ठाऊक नाही.

सकाळी ह्मायाकच्या कपाळाला लागलं.
बाई, हे काय नवीन, म्हणून तो ओरडला,
सगळ्यांनी वळून पाहिलं,
आणि तेवढ्यात सेरोबनं
आपली मेलेली सोंगटी गुपचूप पटावर आणली.