छाट

आई हजार विड्या घेऊन कारखान्यात जायची,
सुपावर फडकं, फडक्याखाली चाळीस कट्टे.
चेकर बोटांनीच बघायचा.
ही सैल, ही वाकडी, हिचं तोंड उघडं,
दोनशे छाट.
छाटीची मजुरी नाही,
आणि छाट परतही नाही.
त्या विड्या पुढं कुठं जातात
हे विचारायचं नसतं, एवढं मला सातव्या वर्षी कळलं होतं.

आता ते सूप माझ्या खोलीत आहे, त्यात कनेक्टर ठेवतो.
भिंतीला स्विच, हिरवे दिवे, एक थकलेला यूपीएस.
साखरवाडी, जत्राट वेस, अकोळ रस्ता धरून
अकराशे साठ घरं.
आम्ही किरकोळवाले, मी आणि बसगोंडा.
घाऊक माल येतो हायवेच्या कडेनं, मातीखालून,
तवंदीचा घाट उतरून.
मालक एकच.

त्याच्याकडनं घेऊन दारात पोचवेपर्यंत
मला पडतं चारशे तीस.
आणि त्याच दारावर तो पाटी लावतो:
तीनशे नव्व्याण्णव, बसवणी फुकट.
बसगोंडा म्हणतो, वखार त्याची, काटा त्याचा,
आणि आपल्या टपरीला टपरी लावून
टपरीही त्याचीच की!

कागल वीसेक किलोमीटर.
तिकडं दुसरा घाऊकवाला आहे, दरही बरा.
पण आमचा परवाना अलीकडचा,
तो कोगनोळीच्या नाक्यावर उतरतो.

रात्री सव्वाआठला मी पिंग लावून बसतो.
शंभर पाठवले की अठरा गळतात.
कंपनी म्हणते, गर्दी आहे.
पैसे शंभराचे.

मग अर्ज केला.
अर्ज इंग्रजीत, पोच कन्नडमध्ये,
वकिलाच्या फीवरनं भांडण मराठीत.
मागणी साधी: घाऊक दर उघडा लावा,
आणि स्वतःच्या दुकानाला ज्या भावानं घालता
त्याच भावानं आम्हाला घाला.

सुनावणी व्हिडिओवर.
बसगोंडा म्हणाला, आपल्या लाइनीवर बसू नको, मधेच गोठशील.
म्हणून मेहरुन्निसा मुल्लांच्या घरी गेलो.
त्यांनी गेल्या महिन्यात आम्हाला सोडलं होतं.
राग नाही. पोरीची परीक्षा होती,
आणि महिन्याला एक्कावन्न रुपये वाचत होते.
त्यांनी चहा ठेवला, आवाज नको म्हणून पंखा बंद केला.

सदस्य म्हणाले, तुमचा आवाज स्वच्छ येतोय, चित्रही.
मग तक्रार नेमकी कसली?

कंपनीचा वकील हसला.
त्याच्या चष्म्यातली खिडकीसुद्धा दिसत होती मला.

म्हटलं, साहेब, हे कनेक्शन माझं नाही.
मग कुणाचं?
मी वकिलाकडं बोट केलं.
पण पडद्यावर
बोट कुणाकडं केलंय ते कुणालाच कळत नाही.

आदेश राखून ठेवला.
घामानं सदरा पाठीला चिकटला होता.
मेहरुन्निसाबाईंनी पंखा लावला, काही विचारलं नाही.

आईला सांगितलं, जेवताना.
पिंग वगैरे तिला ठाऊक नाही,
तिनं एवढंच विचारलं, शंभरात किती?
अठरा.
भाकरीचा तुकडा ताटात तसाच ठेवून म्हणाली,
एका साली आम्ही सगळ्या दारातच बसून राहिलो.
म्हटलं, छाट काढा, हवी तेवढी काढा.
पण आमच्यासमोर मोडून टाका.

मोडली?
पाच दिवसांनी.
मग?
मग काय.
मोडायला लागल्यावर छाट निघायचीच कमी झाली.

आदेश अजून आलेला नाही.
मी वहीत तारीख घालून लिहितो,
रात्री सव्वाआठ, शंभरात एकवीस.